झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये चार दिवस: आईसाठी शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

नमस्कार. मार्च २०२६ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं टांझानियाला जातोय. सफारी आटोपली की दार-एस-सलामहून फेरीने झांझिबार, आणि चारही रात्री स्टोन टाउनमध्येच मुक्काम. किनाऱ्यावरची रिसॉर्ट्स मुद्दाम घेतली नाहीत. आईला जुन्या गल्ल्या, ते कोरीव दरवाजे आणि बाजार बघायचाय. संध्याकाळी समुद्राकाठी निवांत बसायचं, एवढाच कार्यक्रम.

आता मुद्द्याचं. आई ६८ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. कांदा-लसूण चालतं. लेक नऊ वर्षांची, तिखट अजिबात नको. नवरा मासेखाऊ, त्याची चिंता नाही. मी काहीही खाते.

इतकं काकुळतीला येऊन विचारायचं कारण सांगते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका बेटावर गेलो होतो. तिथे ‘व्हेज’ म्हणून सांगून मागवलेल्या नूडल्समध्ये बारीक कोळंबी निघाली. आईने काही न बोलता ताटली बाजूला सारली, आणि पुढचे तीन दिवस ती केळी आणि कोरडा भात यावर राहिली. एका शब्दाने तक्रार केली नाही. तिचा तो शांतपणा मला अजून टोचतो. या वेळी तिने पोटभर आणि चवीने जेवावं एवढीच इच्छा आहे. चारही दिवस पंजाबी पनीर नकोय, तिथलंच काहीतरी तिला खायला मिळालं पाहिजे.

दुपारी कुठे जेवावं? फोरोधानी बागेतल्या रात्रीच्या स्टॉल्सबद्दल खूप ऐकलंय, तिथे आईला काही मिळेल का? आणि स्वाहिलीत ‘मांस-मासे नको’ कसं सांगायचं?

प्रतिसाद १

तिकिटं काढताना रमजान पाहिलात का? २०२६ मध्ये तो साधारण १८ फेब्रुवारी ते २० मार्च आहे. तुमचा आठवडा बरोबर मध्ये येतोय. झांझिबारमध्ये बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत आणि रमजानात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं तिथे चालत नाही, पर्यटकांनाही नाही. रस्त्यात पाण्याची बाटली तोंडाला लावणंही टाळा.

धागाकर्ती

अरे देवा, हे डोक्यातच आलं नाही. तिकिटं आता बदलता येणार नाहीत. मग लेकीचं आणि आईचं दुपारचं काय?

प्रतिसाद २

घाबरू नका. मी दोन वर्षं दार-एस-सलामला नोकरीला होतो आणि एकदा रमजानातच स्टोन टाउनला चार दिवस राहिलो आहे. माझ्या मते जेवणासाठी ते सगळ्यात चांगले दिवस होते. फक्त घड्याळ उलटं लावायचं.

सकाळी हॉटेलात भरपेट नाश्ता करा. दुपारी पाहुण्यांना हॉटेलात जेवण मिळतं, पण तुमच्या हॉटेलला आत्ताच मेल करून विचारा, कारण लहान हॉटेलांत स्वयंपाकी कमी असतात. गल्लीतल्या साध्या खाणावळी दिवसा बहुतेक बंद. दुपार उन्हाचीच असते, आईंना झोपू दे. लेकीसाठी खोलीत फळं ठेवा. दराजानी बाजार सकाळी चालू असतो, तिथून केळी आणि आंबे घ्या, पण खायचे खोलीत.

खरी गंमत संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सुरू होते. सूर्य बुडायच्या आधी गल्ल्या एकदम रिकाम्या होतात, मशिदीतून बांग येते आणि घराघरांतून नारळाच्या दुधाचा वास येतो. उपास सोडताना जे खातात त्याला फुतारी म्हणतात, आणि त्यातलं बरंच आईंना चालण्यासारखं असतं. मुहोगो, म्हणजे कसावाचा कंद, नारळाच्या दुधात शिजवलेला. कच्च्या केळ्यांचं तसंच. तांबी, म्हणजे गोड शेवया. काइमाती, म्हणजे पाकातले छोटे गोळे, ते लेकीला नक्की आवडतील. मुहोगोबरोबर कधी कधी मासे शिजवतात, तेवढं विचारून घ्या.

रोजच्या जेवणात माहारागे, म्हणजे नारळाच्या रसातला राजमा, म्चिचा म्हणजे पालेभाजी, वाली म्हणजे भात, आणि चपाती. चपाती आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट, पापुद्रे सुटणारी. अशा साध्या जेवणासाठी म्कुनाझिनी भागातलं लुकमान हे ठिकाण नावाजलेलं आहे. काउंटरवर भांडी मांडलेली असतात, बोटाने दाखवून घ्यायचं. आईंसाठी हे सगळ्यात सोयीचं, पदार्थ डोळ्यांसमोर असतो.

फोरोधानीबद्दल स्पष्ट सांगतो. ‘हाउस ऑफ वंडर्स’ या सुलतानाच्या जुन्या वाड्यासमोरची ती बाग रात्री फार सुंदर दिसते (त्या इमारतीचा काही भाग २०२० च्या डिसेंबरात कोसळला, तेव्हा दुरून बघा). जा जरूर, पण मासे खायला नव्हे. काड्यांवर मांडून ठेवलेले मासे आणि कोळंबी कधीच्या आहेत ते कळत नाही. मला तिथे एकदा बाधलं आहे. नवऱ्याला मासे खायचेत तर ते बसून खायच्या रेस्टॉरंटमध्ये, नारळाच्या रश्शातला मासा किंवा पुवेझा, म्हणजे ऑक्टोपस. फोरोधानीला उसाचा रस प्या, आलं आणि लिंबू पिळून समोर काढून देतात. झांझिबार पिझ्झा म्हणजे पातळ ताणलेल्या पिठात सारण भरून घडी घालून तव्यावर तळलेला प्रकार. त्यात खिमा आणि अंडं असतं, पण केळं-चॉकलेटचा अंड्याशिवाय करून मागा. भाव आधी ठरवा, सुट्टे शिलिंग जवळ ठेवा.

आणि उरोजो चुकवू नका. हळदीच्या पिवळ्या, कैरीने आंबटसर केलेल्या दाटसर रश्शात बटाटा, भजी, छोट्या कचोऱ्या, वर कसावाचा कुरकुरीत चुरा आणि नारळाची चटणी. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटीकडे बघतच राहिलो. गुजरात आणि कच्छमधून गेलेल्या लोकांच्या चवीचा ठसा त्यावर आहे, नावं बघा ना: बाजिया, काचोरी, काचुंबारी. वर मांसाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं घालतात, म्हणून विक्रेत्याने वाटी भरायला घेण्याआधीच सांगायचं.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत. भाषेचं मी सांगते. ‘बिला न्यामा, बिला समाकी, बिला याई’ म्हणजे मांस, मासे, अंडं यांच्याशिवाय. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही. ‘न्यामा’ म्हटलं की कोंबडी आणि मासे त्यात येतीलच असं नाही, म्हणून तिन्ही वेगवेगळी म्हणा, कोंबडीला ‘कुकू’. हे चार शब्द कागदावर लिहून आईंच्याच पर्समध्ये ठेवा. माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवसापासून स्वतःच बोलायला लागल्या होत्या आणि दुकानदार खूश.

मसाल्याच्या बागांची सहल करणार असाल तर तिथे जेवण असतं का आणि शाकाहारी करतील का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. आमच्या सहलीत एका घराच्या पडवीत खोबरं खवताना पाहिलं. बुटक्या लाकडी स्टुलाला पुढे दातेरी लोखंडी जीभ, बाई त्यावर बसून करवंटी फिरवत होती. त्याला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. सासूबाई सरळ शेजारी बसल्या आणि अर्धा नारळ खवून दिला.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हॉटेलला मेल केला, दुपारी वरण-भातासारखं साधं काही करून देतो म्हणाले. चार शब्दांचा कागद आईने स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिला. खवणीचं वाचल्यापासून तिचा उत्साह बघण्यासारखा आहे.

एकच शंका राहिली. तिचा गुरुवारचा उपास असतो आणि आमचा एक गुरुवार तिथे येतोय. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा करतात तोच कंद ना? मग मुहोगो तिला चालेल का?

प्रतिसाद २

तोच कंद. नुसता उकडून मीठ घातलेला मागा, नारळाच्या दुधातला असेल तर कांदा घातलाय का ते विचारा. कांद्याला ‘कितुंगू’ म्हणतात, कागदावर पाचवा शब्द वाढवा. सोबत खजूर आणि केळी. त्या गुरुवारी आईंचा उपास आणि गावाचा उपास एकाच वेळी सुटेल.