ईसी स्कॅनमध्ये टी-हाफ २२ मिनिटं आला, म्हणजे अडथळाच का?

शंकेखोर:
बाळ ८ महिन्यांचं. पोटात असल्यापासून सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली दिसते. ईसी स्कॅनमध्ये (औषध टोचून किडनीचं काम बघणारा स्कॅन) कामाचा वाटा डावी ४४ टक्के, उजवी ५६, डावीकडचा टी-हाफ (साठलेलं औषध निम्मं उतरायला लागणारा वेळ) २२ मिनिटं. रिपोर्टात 'अडथळ्याची शक्यता'. सर्जन म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा करू. थांबणं बरोबर आहे का? आणि डीएमएसए हा किडनीचा दुसरा स्कॅनही करून घ्यावा का?

गॅमाकाका:
सोनोग्राफीत आकार कळतो, काम नाही. ईसी हे टोचायचं औषध, त्याला टेक्नेशियम (कॅमेऱ्याला दिसणारा किरणोत्सारी पदार्थ) जोडलेलं असतं. किडनीच्या नलिका ते रक्तातून उचलून लघवीत सोडतात. प्रत्येक बाजूने किती उचललं हा एक प्रश्न, ते खाली किती लवकर उतरलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरं आहे. ४५ ते ५५ नॉर्मल धरतात, ४४ काठावर. ४०च्या खाली गेलं किंवा आधीच्या स्कॅनपेक्षा १० अंकांनी घसरलं, तर सर्जन सहसा ऑपरेशनचं बोलतात.

२२चं एवढं मनावर घेऊ नका. फुगलेला पेल्व्हिस (किडनीतली लघवी गोळा होणारी पोकळी) म्हणजे हौद. तोटी मोकळी असली तरी रिकामा व्हायला वेळ लागतोच. रिपोर्टात दोन गोष्टी शोधा: लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) कधी व किती दिलं (तान्ह्या बाळाला साधारण किलोमागे १ मि.ग्रॅ.), आणि लघवीनंतर बाळाला उभं धरून शेवटचं चित्र घेतलं का. त्यात डावी बाजू बऱ्यापैकी रिकामी झाली असेल तर थांबायला हरकत नाही. ते चित्रच नसेल तर 'अडथळा' हा शब्द घाईचा वाटतो.

कॅमेऱ्यामागचा:
आकडा बिघडतो तो बऱ्याचदा टेबलावरच. बाळ कोरडं असलं की लॅसिक्स देऊनही लघवी पुरेशी होत नाही, म्हणून आधी पोटभर दूध. भरलेलं मूत्राशय वरचा निचरा अडवतं. ईसीचं औषध शिरेबाहेर गेलं तर किडनीचा आलेख रेंगाळत चढतो आणि टक्केवारीही शंकास्पद होते. टोचलेल्या जागेचं चित्र घेतलं की लगेच कळतं. चादरीत घट्ट गुंडाळलं नाही तर हलण्याने आलेखाला दात पडतात.

पुढचा स्कॅन त्याच औषधाने, लॅसिक्सची वेळही तीच ठेवून करा. मध्येच डीटीपीए या दुसऱ्या औषधाने करू नका. ते फक्त गाळणीतून जातं, एका फेरीत जेमतेम २० टक्के उचललं जातं. तान्ह्या किडनीत चित्र धूसर येतं.

गॅमाकाका:
डीएमएसएचं राहिलं. तो व्रण शोधायला. औषध किडनीच्या सालीत चिकटून बसतं, २-३ तासांनी चित्र घेतात. निचऱ्याबद्दल त्यात काहीच कळत नाही. तापासह लघवीचा संसर्ग कधी झालाच नसेल तर सध्या गरज दिसत नाही. झाला असेल तर व्रणासाठी ४-६ महिने थांबून करतात, नाहीतर ताजी सूजच व्रणासारखी दिसते.

मधल्या काळात ताप आला, तर अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर. सोनोग्राफीत फुगवटा वाढला, तर तीन महिन्यांची वाट पाहू नका.