कामावर जीव गेलेल्यांचा स्मृतिफलक: नावाखाली मृत्यूचं कारणही लिहावं का?

जुना_फिटर
२८ एप्रिल हा कामावर जीव गमावलेल्यांचा आणि जखमी झालेल्यांचा स्मृतिदिन. कॅनडातल्या कामगार संघटनांनी १९८४ मध्ये त्याची सुरुवात केली, आता बऱ्याच देशांत पाळतात. दोन मिनिटं स्तब्धता, फलकाला हार. त्याला माझा विरोध नाही. प्रश्न फलकावरच्या मजकुराचा आहे. नाव, तारीख आणि 'कर्तव्य बजावताना'. संपलं. माणूस कशाने गेला, याचा पत्ता नाही.

माझं म्हणणं, नावाखाली एक ओळ हवीच. 'कन्व्हेअरच्या पट्ट्यावरचं संरक्षक झाकण काढलेलं होतं.' 'टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासली नव्हती.' चौकशीत सिद्ध झालंय तेवढंच लिहा, पण लिहा. नाहीतर कामावर आलेलं नवं पोरगं ते वाचून म्हणतं, बिचाऱ्याची वेळ भरली होती.

१९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्याचं परमिट, म्हणजे दुरुस्ती चालू असल्याचा परवान्याचा कागद, रात्रपाळीच्या नजरेस पडलं नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. पाळी बदलताना परमिट हातात देऊन बोलायचं असतं, हे त्या १६७ नावांसोबत कळलं पाहिजे.

अबोली
अजिबात पटलं नाही. आमच्या घरातला माणूस उंचावरून पडून गेलाय, म्हणून लिहितेय. अहवालात कारण काय आलं? 'सेफ्टी बेल्टचा हुक अडकवला नव्हता.' बेल्ट अंगावर होता. हुक अडकवायला वर ना दोरी होती, ना पाइप. ते त्या कागदात कुठेच नाही. तुमची ती एक ओळ उद्या फलकावर लागली, तर त्याची मुलं दरवर्षी तिथे उभी राहून काय वाचतील? बापाचीच चूक होती, हेच ना? मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून दोष त्याच्या माथी मारणं सगळ्यात सोपं असतं. वर्षातला एक दिवस तरी त्याला निव्वळ माणूस म्हणून आठवू द्या.

मोजपट्टी
दोघंही अपघाताबद्दलच बोलताय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ सालासाठीचा अंदाज बघा: कामामुळे वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार मृत्यू. त्यात अपघाती साधारण ३ लाख ३० हजार, बाकीचे २६ लाख कामातून जडलेल्या आजारांचे. दगड-वाळूच्या कामात उडणारी सिलिकाची धूळ, उष्णता अडवायला वापरलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी उघड होतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, कारखानाही कधीचा बंद पडलेला असतो. त्याचं नाव कुठल्या फलकावर लावणार? कारणाची ओळ हवी की नको हे नंतर बघू, इथे बहुतेकांचं नावच नाहीये.

पाळीवाला
अबोलीताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं. फलकावर कारण येणार म्हटल्यावर व्यवस्थापन चौकशीच्या पहिल्या दिवसापासून वकील उभा करेल आणि साक्षीदार गप्प बसतील. सुधारणा व्हायची तर आधी लोकांनी तोंड उघडायला हवं. पायपर अल्फाचंच घ्या. अ‍ॅबरडीनमध्ये तीन कामगारांचे कांस्यपुतळे आहेत, पण समुद्रावरचे नियम बदलले ते चौकशी अहवालातल्या १०६ शिफारशींनी. शोक वेगळा, चौकशी वेगळी.

जुना_फिटर
पाळीवाला, अहवाल खरा, पण तो वाचतो कोण? कपाटात पडून राहतो. फलक गेटवर असतो, ठेकेदाराकडे आजच लागलेला माणूसही त्याच्यासमोरून आत जातो.

अबोलीताई, तुम्ही सांगितलंत तेच लिहा म्हणतोय मी! 'हुक अडकवायला वर जागा नव्हती.' ही ओळ खरी आहे आणि त्यात तुमच्या माणसाचा दोष नाही. मजकूर घरच्यांनी आणि सोबत काम करणाऱ्यांनी ठरवायचा, व्यवस्थापनाने एकट्याने नाही. शेवटचा हात कुणाचा होता एवढ्यावरच थांबलो, तर बांगलादेशात कोसळलेल्या राणा प्लाझा या कपडे कारखान्यांच्या इमारतीतल्या १,१३४ मृत्यूंचं कारण 'कामगार इमारतीत शिरले' असं निघेल. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिवणकामवाल्यांना मात्र आत बोलावलं. २०१३ साली!

अबोली
तुम्ही म्हणता तसं घरच्यांना विचारलं गेलं, तर गोष्ट वेगळी. आम्हाला तर तो फलक कधी लागला हेसुद्धा कुणी कळवलं नव्हतं.

तरीही मला दगडावरची ओळ नकोच. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्यातल्या १९११ च्या आगीत १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. आजही तिथले लोक दरवर्षी आगीच्या तारखेला खडू घेऊन निघतात आणि ज्या घरात ती मुलगी राहायची, त्याच्या दारासमोर तिचं नाव आणि वय लिहितात. हे मला जवळचं वाटतं. जाणारा-येणारा थांबून विचारतो, ही कोण? मग कुलपाची गोष्ट सांगणारं माणूस तिथे उभं असतं.

आणि जखमींचं काय? ज्याची बोटं गेली त्याला २८ एप्रिलला पुढच्या रांगेत बसवून गुच्छ देतात. त्याला पुन्हा कुठलं काम जमेल, हे कुणी विचारलंय?

जुना_फिटर
नाही विचारलं, आणि ते त्याच सभेत माइकवरून विचारायला हवं. खडूचं पटलं. पण ती दाराची गोष्ट शंभर वर्षं टिकली, कारण लोकांनी ती सांगणं थांबवलं नाही. जिथे ठेकेदाराची माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात, तिथे ती सांगायला जुनं उरतं कोण? म्हणून मला ती ओळ गेटवर हवी.