जुन्या गाडीतील एसी : केवळ गॅस बदलून भागत नाही
नव्वदच्या दशकातील गाडीच्या एसीत आर-१२ या जुन्या थंडावा देणाऱ्या गॅसऐवजी सरळ आर-१३४ए हा नवा गॅस भरावा, असा सल्ला दिला जातो; त्याला थोडी जोड द्यावीशी वाटते. आर-१२ सोबत चालणारे खनिज तेल या नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते काँप्रेसरपर्यंत, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपापर्यंत, परत येत नाही आणि काँप्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर किंवा पॅग हे कृत्रिम तेल घालणे, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) व ओ-रिंग (सांध्यांतील रबरी कड्या) बदलणे आणि व्हॅक्यूम करणे, म्हणजे आतली हवा व ओलावा पंपाने ओढून काढणे, टाळू नये. गॅसही वजनाने आधीच्या ८० ते ९० टक्केच भरावा.

आमच्या परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा खरी परीक्षा कंडेन्सरची, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची, असते; आर-१३४ए चा दाब उन्हात अधिक चढत असल्याने पॅरलल-फ्लो (समांतर नळ्यांचा) कंडेन्सर आणि जोरकस पंखा यांवरचा खर्च मला सर्वांत सार्थकी लागणारा वाटतो.

ट्रकच्या एसीबाबत सांगायचे, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. जुन्या ट्रकांना तो नियम लागू नाही. पण भर दुपारी ऊस वाहणाऱ्या चालकाचा जीव तितकाच मोलाचा आहे, तेव्हा मालकांनी आधी निदान छताखाली उष्णतारोधक अस्तर तरी बसवावे.