आईच्या पासबुकात न समजणाऱ्या वजावटी: कोणती तक्रार कुठे करावी?

अशोक_चौक (प्रश्न, मंगळवार सकाळ)

नमस्कार. माझी आई निवृत्त विडी कामगार असून तिचे वय ६४ आहे. तिचे निवृत्तिवेतन सोलापूरच्या पूर्व भागातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जमा होते. त्या खात्याला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता. ते गेल्यानंतर सिम बंद पडले, क्रमांक बदलून घ्यायचे राहून गेले आणि त्यामुळे बँकेचे संदेश वर्षभर आमच्यापैकी कोणालाच मिळाले नाहीत. काल, सोमवारी, सुट्टी काढून मी पासबुक भरून घेतले, तेव्हा जानेवारीपासूनच्या नोंदींत पुढील रकमा आढळल्या.

१७ रुपये ७० पैसे, दोनदा, संदेश शुल्क म्हणून. मेअखेरीस २० रुपये आणि ४३६ रुपये, दोन्ही विम्याचे. ‘एसीएच डेबिट’ (आपोआप होणारी वजावट) या नावाने १,२५० रुपये. या सर्वांपेक्षा मला खटकलेल्या नोंदी ‘एईपीएस’च्या, म्हणजे आधार क्रमांक आणि अंगठ्यावर होणाऱ्या व्यवहारांच्या आहेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एकाच तारखेला ३,००० रुपये दोनदा गेले आहेत आणि गेल्या गुरुवारी ४,००० रुपये दोनदा. मावशी हैदराबादहून आली होती, तिच्या पाहुणचारासाठी घराजवळच्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून आपण एकदाच तीन हजार घेतले, हे आईला स्पष्ट आठवते. गुरुवारीही तिच्या हातात चारच हजार आले. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आईला मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, म्हणून केंद्रचालक पडद्यावर काय दाखवतो हे तिला कधीच कळत नाही.

विम्याच्या रकमा सरकारी योजनांच्या असल्याने त्या बरोबर असाव्यात, असे मी धरून चाललो आहे. बाकीच्यांसाठी एकच अर्ज द्यावा की वेगवेगळे? आणि इतक्या उशिरा जानेवारीच्या पैशांचे काही होऊ शकते का?

जुळे_सोलापूरकर

सतरा रुपये सत्तर पैसे म्हणजे तिमाहीचे १५ रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर. ती चोरी नव्हे, बँकेचे शुल्क आहे, जरी बंद सिमवर संदेश पाठवण्याचे पैसे घेणे मला स्वतःला अजब वाटत असले तरी.

जानेवारीचे मात्र विसरावे लागेल. सात दिवसांत कळवले नाही तर बँक जबाबदार राहत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गुरुवारच्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

निवृत्त_शाखाधिकारी

मी तेहतीस वर्षे बँकेत होतो, त्यांपैकी शेवटची नऊ सोलापूर जिल्ह्यातच. वरील सल्ल्यातला ‘विसरा’ हा भाग कृपया मनावर घेऊ नका, पण आजचा दिवस मात्र वाया घालवू नका. त्याचे कारण असे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या जबाबदारीविषयी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही तसेच निर्देश दिले. त्यानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र कुठेतरी आहे, अशा व्यवहाराची माहिती बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर शून्य जबाबदारी येते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास साध्या बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपयांपर्यंत भार ग्राहकाला सोसावा लागू शकतो. सात दिवसांनंतर त्या बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. म्हणजे सात दिवसांनंतर दार बंद होते असे नव्हे. दिवस मोजताना संदेश मिळाल्याचा दिवस धरायचा नसतो, आणि आपल्या शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजायचे असतात.

आता तुमची मोजणी पाहा. गुरुवार सोडला, शुक्रवार पहिला, परवाचा शनिवार महिन्यातला दुसरा शनिवार असल्याने सुट्टीचा, रविवार सुट्टीचा, सोमवार दुसरा आणि आज मंगळवार तिसरा. आईंना संदेश मिळालाच नाही, त्यामुळे मुदत काल पासबुक पाहिल्यापासून सुरू होते, असा युक्तिवाद करता येईल. मात्र क्रमांक बदलल्याचे न कळवणे ही ग्राहकाची ढिलाई होती, असे बँक त्यावर म्हणेल. हा वादच उभा राहू नये म्हणून आज शाखा बंद होण्यापूर्वी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

जानेवारीची गोष्ट वेगळी आहे. बँकेकडूनच फसवणूक, निष्काळजीपणा किंवा त्रुटी झाली असेल, तर ग्राहकाने कळवले की नाही याचा विचार न करता त्याची जबाबदारी शून्य ठरते, असे त्याच परिपत्रकात आहे. आपल्या बँक मित्राच्या, म्हणजे सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रतिनिधीच्या, कृतीला त्याची बँक उत्तरदायी असते. म्हणून ते सेवा केंद्र आईंच्याच बँकेचे आहे की दुसऱ्या एखाद्या बँकेचे, हे आधी पाहा. त्यांच्याच बँकेचे असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसऱ्या बँकेचे असेल तर वाद होईल, तरीही तक्रार मात्र आईंचे खाते असलेल्या शाखेतच द्यायची. दोन बँकांनी आपसांत काय ते करावे, तुम्ही केंद्राच्या बँकेकडे खेटे घालू नयेत.

अर्ज तीन करा: एक एईपीएसचा, दुसरा एसीएचचा आणि तिसरा विम्याचा. एकाच कागदावर सगळे लिहिले की कर्मचारी सर्वांत सोप्या मुद्द्याचे उत्तर देऊन तक्रार निकाली काढतो.

आणि त्या ४३६ रुपयांबद्दल तुम्ही निश्चिंत कसे राहिलात? वीस रुपयांची अपघात विमा योजना १८ ते ७० वयोगटासाठी आहे, ती योग्य. पण ४३६ रुपयांच्या जीवनज्योती योजनेत वयाच्या पन्नाशीपर्यंतच प्रवेश मिळतो आणि संरक्षण ५५ पर्यंतच असते. चौसष्टाव्या वर्षी तो हप्ता घेतला जात असेल, तर त्या पैशांच्या बदल्यात आईंना काहीही मिळत नाही. माझ्या मते तुमच्या यादीतली पहिली निर्विवाद चूक हीच आहे.

कुंभारी_नाका

मी दोन वर्षे बँक मित्र म्हणून काम केले आहे, म्हणून केंद्रात नेमके काय घडते ते सांगते.

आयुष्यभर विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा पहिल्या वेळी उठत नाही, दुसऱ्या वेळी उठत नाही, मग बोट पुसून, कधी दुसरे बोट लावून पाहावे लागते. त्यामुळे “उठला नाही, पुन्हा लावा” हे वाक्य आमच्याकडच्या बायकांना इतके सवयीचे झाले आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. वाईट हेतूचा चालक याचाच फायदा घेतो. पहिला व्यवहार यशस्वी झालेला असतो, पण तो अयशस्वी झाल्याचे सांगून पुन्हा अंगठा लावून घेतो आणि एकाच रकमेचे पैसे हातावर ठेवतो. यात ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढेच पुरते.

मात्र प्रत्येक दुहेरी नोंद ही चोरीच असते असे नाही. कधी कधी खात्यातून रक्कम वजा होते आणि यंत्रावर उत्तरच येत नाही. अशा वेळी चालकालाही खरोखर काही कळत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदत ठरवून दिली आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी, आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. गुरुवारच्या दोन नोंदींपैकी एक अशी असेल तर आज-उद्याकडे ती आपोआप उलटलेली दिसेल. जानेवारीची नोंद पाच महिन्यांत उलटली नाही, यावरून ती यंत्राच्या लेखी यशस्वी ठरली आहे हे उघड आहे.

दादा, आईंचे आधार तुमच्या मोबाइलशी जोडलेले असेल तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास पाहता येतो. तो मागील सहा महिन्यांचाच असतो, म्हणून जानेवारीच्या नोंदी दिसेनाशा होण्यापूर्वी आजच उतरवून घ्या. त्यात तारीख, वेळ आणि कोणत्या संस्थेमार्फत अंगठा तपासला गेला हे दिसते. नुसती शिल्लक पाहण्यासाठीही अंगठा लागतो, त्यामुळे केवळ दोन प्रमाणीकरणे हा पुरावा होत नाही. पण पासबुकातल्या दोन वजावटींच्या शेजारी ती ठेवली, त्यांच्यामधले अंतर दीड-दोन मिनिटांचे निघाले आणि जून व जानेवारी दोन्ही वेळा केंद्र तेच असले, तर ते बोलके ठरते. त्या केंद्राने छापील पावती दिली होती का, हेही आईंना विचारा. पावती देणे चालकाला बंधनकारक असते.

अशोक_चौक

ताई, साहेब, दोघांचेही मनापासून आभार. पावती कधीच मिळाली नव्हती. सकाळीच कामावर फोन करून अर्धा दिवस मागून घेतला आणि आईला सोबत घेऊन शाखेत गेलो.

काउंटरवरील कर्मचाऱ्याने प्रथम “अंगठा तुमच्याच आईचा आहे, मग बँक काय करणार?” असे म्हणून अर्ज परत केला. मग व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी अर्ज घेतले, पोच दिली, तक्रार क्रमांक दिला आणि मोबाइल क्रमांकही बदलून दिला. १९३० वर नोंद केली आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

कर्मचाऱ्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा विचारला जाईल. अंगठा जुळला याचा अर्थ आई त्या यंत्रासमोर होत्या एवढाच होतो. रोख रक्कम त्यांच्या हातात पडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे.

तक्रार कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा, हेही बँकेवर बंधन आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मराठीतही मिळते.

मोबाइल क्रमांक बदलला हे फार बरे झाले. बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, म्हणजे आईंच्या खात्याचे संदेश एखाद्या परक्या माणसाला जात असण्याचीही शक्यता होती. आता आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक कुलूप लावा. आई केंद्रात जातील तेव्हा तुम्ही ते तात्पुरते उघडायचे. रेशन दुकानात अंगठा लावताना आणि हयातीचा दाखला देतानाही ते उघडावे लागेल. थोडी गैरसोय आहे, पण कुलूप असेपर्यंत तुमच्या माहितीशिवाय अंगठा चालणार नाही.

अशोक_चौक (अठरा दिवसांनंतर)

विचारणारे बरेच असल्याने पुढचे लिहितो. गुरुवारच्या दुसऱ्या नोंदीचे ४,००० रुपये आठव्या कामकाजाच्या दिवशी तात्पुरते जमा झाले. ती नोंद आपोआप उलटली नव्हती. सेवा केंद्र दुसऱ्या बँकेचे निघाले, त्यामुळे जानेवारीचे ३,००० रुपये अडकलेले आहेत. तिकडून व्यवहाराचा तपशील मागवला आहे, एवढेच उत्तर मिळते. आधारच्या इतिहासात जानेवारीची दोन्ही प्रमाणीकरणे एका मिनिटाच्या अंतराने दिसली. ती छापून अर्जाला जोडली आहेत.

४३६ रुपयांचा उलगडा विचित्र होता. खाते उघडताना आईचे जन्मवर्ष १९ वर्षे पुढचे लिहिले गेले होते, त्यामुळे संगणकाच्या हिशेबात ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि योजनेला पात्र ठरत होती. तारीख दुरुस्त झाली, हप्ता परत आला आणि मागील वर्षाच्या हप्त्यासाठीही अर्ज दिला आहे.

एसीएचची वजावट परस्पर झाली हा माझा समज मात्र चुकीचा ठरला. बँकेकडून मँडेटची, म्हणजे वजावटीच्या संमतीपत्राची, प्रत मागवली, तर त्यावर आईचीच तेलुगूतली सही आहे. गेल्या वर्षी शाखेत केवायसीचे कागद देताना तिने विम्याच्या फॉर्मवरही सही केली होती आणि आपण कशावर सही करत आहोत हे तिला कोणी सांगितले नव्हते. मँडेट रद्द केले आहे, त्यामुळे पुढचा हप्ता जाणार नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

त्या १,२५० रुपयांना अनधिकृत वजावट म्हणू नका, सही आहे तोवर ते टिकणार नाही. ‘माहिती न देता पॉलिसी विकली’ असे शब्द वापरून आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा आणि शाखेलाही प्रत द्या. पॉलिसीचे कागद घरी आले होते का, हेही शोधा. ते मिळाल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि कागद कधी पोहोचलेच नसतील, तर ती मुदत सुरूच झाली नाही, असे तुम्हाला म्हणता येईल.

अशोक_चौक

कागद आलेले नाहीत. आईने कपाट, ट्रंक आणि देवघरातला डबा, सगळे पाहिले. उद्या शाखेत जाऊन ते कोणत्या पत्त्यावर पाठवले होते हे लेखी विचारतो. जानेवारीच्या तक्रारीचे तीस दिवस पुढच्या आठवड्यानंतर पूर्ण होत आहेत. तोपर्यंत उत्तर आले नाही तर लोकपालांकडे अर्ज करीन आणि इथे कळवीन.