रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दिवसा झोप कशी मिळवून द्यायची?

खानापूरची सून
आमचे हे मालगाडीवर सहाय्यक लोको पायलट. परवा पहाटे सहाला ड्युटी संपल्याची सही करून साडेसहाला घरी आले. ताटावर बसल्या बसल्या डोळा लागला, भाकरीचा तुकडा हातातच. साडेआठला आडवे झाले आणि दुपारी एकला शेजारच्या बोअरच्या गाडीनं उठले. रात्री दहाला परत साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजर झाल्याची सही, सलग तिसरी रात्र. कागदावर 16 तास विश्रांती भरली, खरं झोप मोजली तर साडेचार तास! सासूबाई म्हणतात, ड्रायव्हरच्या घरात असंच चालायचं. मला ते पटत नाही. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, मुलगी दुसरीत. काय करू?

लोंढ्याचा जुना ड्रायव्हर
पोरी, ते 16 तास सही ते सही असतात. येणं-जाणं, अंघोळ, जेवण, बाजार, सगळं त्यातच. वर दिवसाची झोप तुटक लागते, शरीर उजेडाला जागं होतं.

मी कॅसलरॉक-कुळे घाटात बँकर, म्हणजे गाडीला मागून जोर लावायचं इंजिन, चालवलाय, 37 मीटरला 1 मीटर असा उतार. पहाटे तीन ते पाच डोळे उघडे असायचे, खरं सिग्नल डोक्यात शिरायचा नाही. आता इंजिनात दक्षता यंत्र आहे. मिनिटभर हालचाल झाली नाही की दिवा, मग बझर, मग आपोआप ब्रेक. तरी पेंगणारा माणूससुद्धा सवयीनं ते बटण दाबतो. म्हणून यंत्रावर भिस्त ठेवू नको.

खिडकीला दुहेरी गोणपाट लाव. पत्र्यावर दुपारी पाणी मार. पहाटे तीननंतर चहा नको म्हणून सांग, तो झोपेपर्यंत अंगात राहतो. त्यांचा फोन तू जवळ ठेव, लॉबीचा, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या ऑफिसचा, कॉल असेल तरच उठव. आणि दुपारी जाग आली तरी संध्याकाळी कॉलच्या आधी तास-दीड तास परत आडवं कर. आमच्या हिनं हे वीस वर्षं केलं. ती झोप मला पहाटे उपयोगी पडायची.

रात्रीचा स्टेशन मास्तर
काकांचं बरोबर. वहिनी, यजमानांना सांगा, सलग चारपेक्षा जास्त रात्री लावायच्या नाहीत असा नियम आहे. महिन्यातून चार वेळा 30 तास किंवा पाच वेळा 22 तासांची वेगळी विश्रांतीही मिळायला हवी. ती मागून घ्यायची, लाजायचं नाही.

1997 साली ऑस्ट्रेलियात तपासलं होतं. सलग 17 तास जागा माणूस हातानं-डोळ्यानं तेवढाच चुकतो, जेवढा रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेला. लॉबीत फुंकर मारून दारू कळते, झोप राहिलेली कळत नाही. ती त्यांनी स्वतः तोंडानं सांगायची, सहीच्या आधी. मीही एकदा सांगितलं होतं. साहेब चिडले, तरी बदली माणूस दिला.

खानापूरची सून
काका, भावोजी, गोणपाट लावलं. फोन माझ्या पदराला. मुलगीला शाळा सुटल्यावर आईकडं पाठवते. सासूबाईंनी सकाळी भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडालाच थांबवलं, ओरडू नको म्हणून. आठला झोपलेत, आता दोन वाजलेत, अजून उठले नाहीत. सलग रात्रींचं आज संध्याकाळी बोलते त्यांच्याशी.