मदत हवी आहे: मोटरहोमचा ड्रेन प्लग निघेना

नमस्कार मंडळी. अमेरिकेत असतो, फोर्ड ई-४५० चासीवरचं जुनं मोटरहोम (चाकांवरचं घर) आहे, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन. यंदा ऑइल घरीच बदलायचं ठरवलं. जॅक न लावता खाली सरकता येतं, तेवढंच सुख! इंजिन जरा गरम करून पाना लावला, तर ड्रेन प्लग (ऑइल काढायचा तळाचा बोल्ट) जागचा हलेना. जोर केला तसा पाना सटकला, प्लगचे कोपरे गोल झाले आणि माझी बोटं सोलली. मागच्या गॅरेजवाल्याने राक्षसासारखा आवळलाय. आता व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरू की सहाकोनी सॉकेट ठोकून बसवू? डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून पंपाने ऑइल ओढलं तर तळाचा गाळ राहील ना? शनिवारी निघायचंय, बायको रोज विचारतेय.