औषधाच्या घातक प्रतिक्रियेतून वाचलेल्यांनी संशोधनासाठी रक्त द्यावे का?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
माझ्या धाकट्या भावाला फिटवर कार्बामाझेपिन सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधामुळे कातडी सोलली जाणारा जीवघेणा आजार, झाला. तोंडातली कातडी सोलली गेली, तो वाचला. पण डोळ्यांचा कोरडेपणा कायमचा राहिला. आता एका संशोधक गटाने त्याचे रक्त आणि जुने कागद मागितले आहेत. त्याने ते द्यावे, असे माझे ठाम मत आहे. तैवानमध्ये २००४ साली अशाच ४४ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा सर्वांमध्ये एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार सापडला. पुढे औषधापूर्वी तपासणी करून तो प्रकार असलेल्यांना दुसरे औषध दिले गेले आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,८७७ रुग्णांपैकी एकालाही हा आजार झाला नाही. त्या वाचलेल्यांनी नकार दिला असता, तर हे कळलेच नसते. मात्र हा जनुकप्रकार सर्व समाजांत सारख्या प्रमाणात आढळत नाही, त्यामुळे खान्देशातल्या माणसांविषयीची माहिती इथल्याच माणसांकडून मिळणार.

सातपुडा (धडगाव):
भाऊ, तुमच्या भावाला बरे वाटो, पण मी सहमत नाही. आमच्या पाड्यावर एकदा रक्त नेले, अहवाल कुणालाच मिळाला नाही. ज्याची बोली पावरी आहे, त्याच्यापुढे छापील मराठीतले संमतीपत्र ठेवून अंगठा घेणे ही संमती नव्हे. शिवाय कोणत्या गोळीने त्रास झाला, हेच अनेकांना ठाऊक नसते, कारण पुडीतल्या गोळ्यांवर नाव नसते. अशा माणसाचे रक्त घेऊन कोणते औषध दोषी ठरवणार?

गिरणाकाठ:
अहवाल आणि भाषा यांविषयीची आपली तक्रार रास्त आहे. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागीला कधीही माघार घेता येते आणि प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून देता येते. ते आपण मागायला हवे. अशा अभ्यासात तेच औषध पुन्हा दिले जाते, ही अनेकांची भीतीही गैरसमजातून येते. येथे फक्त रक्त आणि पूर्वेतिहास घेतला जातो.

औषध विक्रेता (चोपडा):
मला वाटते, दोघांचाही क्रम चुकतो. आधी प्रतिक्रियेची नोंद व्हायला हवी. ती रुग्ण किंवा नातेवाईकही सरकारी औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करू शकतात, डॉक्टरच लागतात असे नाही. औषधाचे नाव, गोळीची मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि पुरळ उठल्याची तारीख एवढे तरी लिहून ठेवा. त्या नोंदीविना रक्ताच्या नमुन्याला फारसे मोल नाही.

सातपुडा:
नोंदीला माझा विरोध नाही, जनुकांच्या तपासणीला आहे. एचएलए जनुके आईवडिलांकडून येतात, म्हणून तुमच्या भावाचे रक्त तुमच्याविषयी आणि घरातल्या मुलींविषयीही बोलणार, आणि त्यांची संमती कुणी घेतलेली नाही. उद्या सोयरिकीत हाच कागद पुढे आला तर?

गिरणाकाठ:
हा मुद्दा मला टाळता येत नाही. मात्र सख्ख्या भावंडांत तोच प्रकार असू शकतो, म्हणूनच मला स्वतःला ही तपासणी हवी आहे, कारण उद्या मलाही हेच औषध लिहून दिले जाऊ शकते. नमुना नाव काढून सांकेतिक क्रमांकाने ठेवणार का, किती वर्षे ठेवणार आणि निष्कर्ष फक्त आम्हालाच देणार का, याची लेखी उत्तरे मिळाल्यावरच भाऊ सही करील, एवढे मी घरी ठरवून घेतो.